बालकांना हृदयसंजीवनी : पहिल्या काही मिनिटांचे मोल

वार्षिक अहवालात खाटा, यंत्रसामग्री व जमाखर्च यांचा तपशील देण्याचा प्रघात आहे. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने माझाही नित्य संबंध आकड्यांशीच येतो. तथापि, ज्याचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात मांडता येत नाही, अशी एक गोष्ट येथे नमूद करणे कर्तव्य समजतो. हृदयक्रिया बंद पडलेले मूल रुग्णालयात पोहोचेपर्यंत जी मिनिटे वाया जातात, ती देणगीतून घेतलेले कोणतेही यंत्र परत आणू शकत नाही. त्या वेळी मुलाजवळ असतात ते आई-वडील, आजी, शेजारी किंवा शिक्षक.

प्रौढांमध्ये हृदयक्रिया बहुधा हृदयविकाराने थांबते. बालकांमध्ये बहुतांशी आधी श्वास अडतो. बुडणे, घशात वस्तू अडकणे, न्यूमोनिया ही त्याची कारणे होत. म्हणून बालकांना छातीवरील दाबांबरोबर तोंडाने श्वास देणेही अगत्याचे असते.

मूल हाकेला प्रतिसाद देत नसेल आणि नेहमीसारखा श्वास घेत नसेल, तर त्यास टणक, सपाट जागेवर उताणे निजवावे. अधूनमधून येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे. दुसऱ्या व्यक्तीस १०८ क्रमांकावर दूरध्वनी करण्यास सांगावे. एकटे असल्यास मोबाइलचा स्पीकर चालू ठेवून दाब सुरू करावेत.

एक वर्षाच्या आतील बाळाच्या छातीला दोन्ही हातांनी वेढा घालून, छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर दोन्ही अंगठ्यांनी दाब द्यावा. तसे न जमल्यास एका तळहाताचा मनगटाजवळचा भाग वापरावा. पूर्वी शिकवली जाणारी दोन बोटांची पद्धत अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत वगळली आहे, कारण तिने पुरेशी खोली साधत नाही. मोठ्या मुलांसाठी एक किंवा दोन्ही तळहात वापरावेत. छाती एक तृतीयांश खोल, म्हणजे बाळाची सुमारे ४ व मुलाची सुमारे ५ सेंटिमीटर दबली पाहिजे. वेग मिनिटाला १०० ते १२० असावा व प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. ३० दाबांनंतर २ श्वास द्यावेत. बाळाचे नाक व तोंड आपल्या तोंडाने एकत्र झाकून, छाती किंचित उचलली जाईल इतकीच फुंकर घालावी. मूल हालचाल करू लागेपर्यंत वा मदत येईपर्यंत हा क्रम सोडू नये.

एवढ्याशा छातीला इजा होईल, या मायेपोटी हात हलका पडतो. परंतु हलक्या दाबाने मेंदूपर्यंत रक्त पोहोचत नाही आणि मध्येच थांबल्यास साधलेला रक्तदाब पुन्हा खाली येतो. येथे माया म्हणजे योग्य जोर होय.

हे कौशल्य केवळ वाचून येत नाही. बाहुलीवर हात बसवावा लागतो. बाळाला घरी नेण्यापूर्वी कुटुंबीयांनी परिचारिकांकडून ते अवश्य शिकून घ्यावे, ही विनंती. सरावाच्या बाहुल्यांचा खर्च ताळेबंदात किरकोळ दिसेल; दात्यांनी व विश्वस्तांनी त्याचे मोल मात्र किरकोळ मानू नये.