व्हिनेगरातून कोलेस्टेरॉल

लिपिड प्रोफाइलचा कागद हातात आला की नजर आधी कोलेस्टेरॉलच्या आकड्यावर जाते आणि बोलणं लगेच तूप, अंडी, फरसाणाकडे वळतं. खाण्याचा वाटा आहेच, पण शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल ताटातून आलेलं नसतं. ते आपल्याच पेशी घडवतात. कशापासून? तर व्हिनेगरला आंबट करणाऱ्या ॲसेटिक आम्लापासून. त्या आम्लाच्या रेणूत कार्बनचे अणू अवघे दोन, आणि कोलेस्टेरॉलमध्ये २७. दोनाचे २७ कसे होतात, हे शोधून काढणाऱ्या माणसांची चिकाटी पाहिली की मन भरून येतं.

सुरुवात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात झाली. १९३१ मध्ये हॅरल्ड युरी यांना तिथे ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, सापडला. दोन वर्षांनी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि रुडॉल्फ शोनहायमर देश सोडून त्याच विद्यापीठात आले. युरींचे विद्यार्थी डेव्हिड रिटेनबर्ग त्यांच्या जोडीला आले आणि दोघांना एक साधी पण विलक्षण कल्पना सुचली. ड्यूटेरियम पेशीत हायड्रोजनसारखाच वावरतो, फक्त वजनाने दुप्पट असतो. मग अन्नातल्या अणूवर त्याची खूण करून तो शरीरात कुठे जातो ते का पाहू नये? उंदरांना जड पाणी दिल्यावर त्यांच्या कोलेस्टेरॉलमधले जवळजवळ निम्मे हायड्रोजन पाण्यातून आलेले निघाले. एवढा मोठा रेणू लहान लहान तुकडे जोडून तयार होत असेल तरच हे शक्य होतं.

ते तुकडे कोणते, हे कोनराड ब्लॉख यांनी दाखवलं. त्यांनाही नाझींच्या कायद्यांमुळे १९३४ मध्ये जर्मनी सोडावी लागली होती. शोनहायमर १९४१ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी ब्लॉख आणि रिटेनबर्ग यांनी ड्यूटेरियमची खूण असलेलं ॲसिटेट, म्हणजे ॲसेटिक आम्लाचंच एक रूप, उंदरांना खाऊ घातलं आणि ती खूण थेट कोलेस्टेरॉलमध्ये उतरलेली दिसली.

यापुढचं काम मला या साऱ्या संशोधनातलं सर्वांत देखणं वाटतं. ॲसिटेटचे दोन कार्बन सारखे नसतात. एक मिथाइल टोकाचा, दुसरा कार्बॉक्सिल टोकाचा. एकेका टोकावर किरणोत्सारी कार्बनची खूण करायची, तयार झालेलं कोलेस्टेरॉल यकृतातून वेगळं काढायचं आणि मग त्याचा सांगाडा एकेक कार्बन सुटा करत फोडायचा. सुटलेल्या प्रत्येक अणूची तपासणी करून तो कुठल्या टोकाचा ते ठरवायचं. अमेरिकेत ब्लॉख आणि लंडनजवळच्या मिल हिलमध्ये जॉन कॉर्नफोर्थ व जॉर्ज पॉपयाक यांनी हे किचकट काम वर्षानुवर्षं केलं. कॉर्नफोर्थ तरुणपणीच पूर्ण बहिरे झाले होते. अखेर हिशेब लागला: १५ कार्बन मिथाइल टोकाचे, १२ कार्बॉक्सिल टोकाचे.

पण नुसतं ॲसिटेट तर सुस्त असतं, आपण होऊन ते कशाला जोडलं जात नाही. त्याला कामाला लावणारा घटक फ्रित्स लिपमान यांना बोस्टनमध्ये कबुतराच्या यकृताच्या अर्कात सापडला. तोच को-एन्झाइम ए. त्यात पँटोथेनिक आम्ल, म्हणजे ब५ जीवनसत्त्व, असतं. १९५१ मध्ये म्युनिकच्या फेओडोर ल्यूनेन यांनी यीस्टमधून ॲसेटिल को-एन्झाइम ए मिळवला आणि ॲसेटिल गट त्यातल्या गंधकाला जोडलेला असतो हे दाखवलं. सगळी करामत त्या गंधकाची. त्याच्यामुळे ॲसेटिलची दोन्ही टोकं सजग होतात. एका टोकाने तो दुसऱ्याला जाऊन जुळतो, दुसऱ्या टोकावर इतरांना जुळवून घेतो. साखळी वाढवायला याहून सोयीचा तुकडा नाही.

त्यामुळे हाच तुकडा जिथे तिथे भेटतो. गाय कडबा खाते, तिच्या पोटातले सूक्ष्मजीव त्याचं ॲसेटिक आम्ल करतात, आणि कासेतल्या पेशी त्यापासून दुधातली निम्म्याच्या आसपास स्निग्धाम्लं बनवतात. पॉपयाक यांनी सहकाऱ्यांसह १९५१ मध्ये दुभत्या शेळीवर हे पडताळून पाहिलं होतं. हळदीतल्या कर्क्युमिनमध्ये २१ कार्बन असतात. त्यांतला बरोबर मधला एक या ॲसेटिलच्याच घराण्यातून आलेला असतो. आपण खाल्लेल्या जादा साखरेची चरबी होते तीही याच वाटेने. उलट्या दिशेने मात्र ही वाट बंद आहे: चरबीतून सुटलेल्या ॲसेटिलपासून आपलं शरीर साखर घडवू शकत नाही. अंकुरणारं एरंडाचं बी ते करू शकतं.

पुन्हा कोलेस्टेरॉलकडे येऊ. तीन ॲसेटिल जुळून सहा कार्बनांचा एचएमजी को-एन्झाइम ए होतो. एक विकर त्याचं मेव्हॅलोनिक आम्ल करतं. त्यातला एक कार्बन वायू होऊन निघून गेला की पाच कार्बनांचा तुकडा उरतो, आणि असे सहा तुकडे मिळून ३० कार्बनांचं स्क्वालीन बनतं. हे द्रव्य जपानी रसायनतज्ज्ञ त्सुजिमोतो यांना विसाव्या शतकाच्या आरंभी शार्कच्या यकृताच्या तेलात सापडलं होतं. स्क्वालीनची लांब साखळी दुमडून चार कड्या होतात, मग तीन कार्बन गळतात आणि २७ उरतात. म्हणजे एका रेणूसाठी १८ ॲसेटिल खर्ची पडतात. ब्लॉख आणि ल्यूनेन यांना १९६४ चं नोबेल मिळालं ते या कामासाठी.

या वाटेवर अडवण्याजोगी जागा कोणती? मेव्हॅलोनिक आम्ल करणारी पायरी. टोकियोच्या सांक्यो कंपनीतले अकिरा एंडो यांनी १९७१ मध्ये असा विचार केला की, एखादी बुरशी इतर जंतूंना मारण्यासाठी नेमकी हीच पायरी रोखणारं द्रव्य तयार करत असेल. त्यांनी ६,००० हून अधिक सूक्ष्मजीव तपासले. क्योतोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या पेनिसिलियम बुरशीत त्यांना कॉम्पॅक्टिन मिळालं. उंदरांमध्ये त्याचा काहीच परिणाम दिसेना आणि प्रकल्प गुंडाळायची वेळ आली. मग ते अंडी देणाऱ्या कोंबड्यांना देऊन पाहिलं, आणि त्यांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल खाली आलं. त्याच जातीचं लोव्हास्टॅटिन १९८७ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झालं. पुढची गंमत डॅलसच्या ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांच्या कामातून कळते. यकृताला घरचं कोलेस्टेरॉल कमी पडलं की ते आपल्या पृष्ठभागावर एलडीएल, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, पकडणारे ग्राही वाढवतं आणि रक्तातलं ओढून घेतं.

लोव्हास्टॅटिनच्या जातीच्या औषधांना स्टॅटिन म्हणतात. स्टॅटिनने स्नायू दुखतात म्हणून गोळी सोडून देणारे रुग्ण प्रत्येक डॉक्टरला भेटतात. त्यांच्यासाठी २०२० मध्ये बेम्पेडोइक आम्ल आलं. ॲसेटिल को-एन्झाइम ए पेशीच्या मायटोकाँड्रियात तयार होतो. तिथून त्याला थेट बाहेर पडता येत नाही, म्हणून तो सायट्रेटच्या रूपात निघतो आणि बाहेर आल्यावर पुन्हा मोकळा होतो. हे मोकळं होणंच बेम्पेडोइक आम्ल रोखतं, म्हणजे स्टॅटिनच्याही काही पायऱ्या आधी. शिवाय ते आधी जागं व्हावं लागतं, आणि त्याला जागं करणारं विकर यकृतात असतं, हाडांच्या स्नायूंमध्ये नसतं.