फुप्फुस पुनर्वसन

फुप्फुस पुनर्वसन ही दीर्घकालीन श्वसनविकार असलेल्या रुग्णांसाठीची नियोजनबद्ध उपचारपद्धती आहे. व्यायाम, श्वसनतंत्रे, आहार, रुग्णशिक्षण आणि मानसिक आधार हे तिचे प्रमुख घटक होत. सीओपीडी, म्हणजेच दीर्घकालीन अवरोधक फुप्फुस विकारात तिचा सर्वाधिक उपयोग केला जातो. या पद्धतीने फुप्फुसांची झालेली हानी भरून येत नाही. मात्र दम लागणे कमी होते, चालण्याची क्षमता वाढते आणि जीवनमान सुधारते.

पार्श्वभूमी

सीओपीडीमध्ये श्वासनलिका अरुंद होतात आणि वायुकोशांच्या भिंती नष्ट होऊ लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२१ साली या विकाराने जगभरात सुमारे ३५ लाख मृत्यू झाले. धूम्रपान हे त्याचे प्रमुख कारण असले, तरी ते एकमेव नाही. भारताच्या ग्रामीण भागात विडी-सिगारेटला कधीही स्पर्श न केलेल्या स्त्रियांनाही हा विकार जडतो; कोंदट स्वयंपाकघरातील लाकूडफाटा व गोवऱ्यांचा धूर त्यांच्या श्वासावाटे वर्षानुवर्षे शरीरात जात असतो. कामाच्या ठिकाणची धूळ आणि पूर्वी होऊन गेलेला क्षयरोग हीदेखील कारणे आहेत.

दम लागण्याचे दुष्टचक्र

श्वासनलिका अरुंद झाल्यामुळे उच्छ्वास पूर्ण होत नाही आणि हवा छातीत साठून राहते. श्रम करताना हा साठा वाढतो व दम लागतो. त्या भीतीने रुग्ण जिना चढणे, बाजारात जाणे, पुढे तर घराबाहेर पडणेही टाळतो. वापर नसल्याने मांड्यांचे व पायांचे स्नायू दुर्बल होतात. दुर्बल स्नायूंना थोड्याशा कामालाही अधिक श्वास लागतो, त्यामुळे पूर्वीपेक्षा लवकर दम लागतो. फुप्फुसांची हानी कायम राहिली, तरी स्नायूंचे दौर्बल्य, भीती आणि सवयी बदलता येतात. पुनर्वसनाचा भर याच गोष्टींवर असतो.

इतिहास

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा रुग्णांना विश्रांतीचाच सल्ला दिला जाई. १९५० च्या दशकात अमेरिकन वैद्य अल्व्हन बराक यांनी प्राणवायूच्या साहाय्याने व्यायामाचा पुरस्कार केला. १९६० च्या दशकात डेन्व्हर येथे टॉमस पेटी यांनी सर्वांगीण उपक्रम राबवला.

स्वरूप

उपक्रम साधारणतः ६ ते १२ आठवड्यांचा असून आठवड्यातून २ ते ३ सत्रे होतात. आरंभी व अखेरीस सहा मिनिटांची चालण्याची चाचणी घेतात. चाललेल्या अंतरात सुमारे ३० मीटरची वाढ अर्थपूर्ण मानली जाते. सीओपीडी असेसमेंट टेस्ट या आठ प्रश्नांच्या चाचणीत ० ते ४० गुण असतात. गुण जितके अधिक, तितका दैनंदिन त्रास अधिक.

• व्यायाम: चालणे, स्थिर सायकल, तसेच हातापायांच्या स्नायूंना बळ देणारे व्यायाम. खुर्चीवरून उठणे-बसणे आणि पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे हे घरी करण्याजोगे प्रकार आहेत. सलग व्यायाम न झेपल्यास मध्ये विश्रांती घेऊन तो करतात.
• श्वसनतंत्र: नाकाने श्वास घेऊन, शीळ घालताना करतात तसा ओठांचा चंबू करून त्याच्या सुमारे दुप्पट वेळ सावकाश सोडणे. यामुळे श्वासनलिका उघड्या राहण्यास मदत होते व अडकलेली हवा बाहेर पडते.
• शक्तीची बचत: बसून आंघोळ करणे व भाजी चिरणे, नेहमीची भांडी कमरेच्या उंचीवर ठेवणे, वजन उचलताना श्वास सोडणे.
• आहार: पोट गच्च भरल्यास श्वासपटलाच्या हालचालीस अडथळा येतो, म्हणून थोडे थोडे व वरचेवर खाणे. वजन घटलेल्या रुग्णास डाळी, कडधान्ये, दूध, अंडी असा प्रथिनयुक्त आहार सुचवतात.
• शिक्षण व आधार: इनहेलर योग्य रीतीने वापरणे, आजार बळावल्याची लक्षणे वेळीच ओळखणे, चिंता व नैराश्यावर समुपदेशन.

परिणामकारकता

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत ६५ चाचण्यांतील ३,८२२ रुग्णांची माहिती तपासण्यात आली. दम लागणे, थकवा, भावनिक स्थिती आणि आजारावरील नियंत्रणाची जाणीव या चारही बाबतींत लक्षणीय सुधारणा आढळली. व्यायाम थांबवल्यास मात्र हा लाभ काही महिन्यांत ओसरू लागतो.

पूरक उपचार व मर्यादा

धूम्रपान सोडणे, धुरापासून दूर राहणे, नियमित औषधे आणि फ्लू व न्यूमोकॉकसच्या लसी यांची जागा पुनर्वसन घेऊ शकत नाही. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण विश्रांतीतही फार कमी असल्यास दररोज किमान १५ तास प्राणवायू देतात. अस्थिर हृदयविकार असताना व्यायाम धोक्याचा ठरू शकतो. म्हणून वैद्यकीय तपासणीनंतरच त्याचा आरंभ करतात.

केंद्राचे अंतर, प्रवासखर्च आणि बुडणारी मजुरी यांमुळे अनेक रुग्ण या उपचारापासून वंचित राहतात. घरगुती व्यायाम आणि दूरध्वनी किंवा व्हिडिओद्वारे मार्गदर्शन हे त्यावरील पर्याय असून कोविड-१९ साथीच्या काळात त्यांचा वापर वाढला.