मुलूखमैदानाचे कवच

विजापूरच्या बुरुजावरची मुलूखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगरात ओतली गेली. पुढे ती परंड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये तिथून विजापूरला गेली. इतकी शतके ऊनपाऊस सोसूनही तिच्यावरची कोरीव अक्षरे शाबूत आहेत. तोफ काशाची आहे आणि कांसे गंजतच नाही, असे सरसकट सांगितले जाते. ते बरोबर नाही. तांबे-कथलाच्या या संमिश्राचेही ऑक्सिडीकरण होतेच. पण त्यातून तयार होणारा काळपट-हिरवा थर पातळ आणि घट्ट असतो, हवा-पाणी सहसा आत जाऊ देत नाही. लोखंडाचा तांबूस गंज मात्र सच्छिद्र. तो मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो, फुगतो, पापुद्र्यांनी सुटतो आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा उघडे पडते.

विजापूर-परंड्याकडची हवाच कोरडी, म्हणून तोफ टिकली, असे कुणी म्हणेल. कोरड्या हवेत गंज मंदावतो हे खरे. पण परंड्याच्या शिवारातही उघड्यावर राहिलेला नांगराचा फाळ पावसाळ्यात तांबूस होतोच. मग दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे कसा उभा? त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे पृष्ठभागावर तसाच घट्ट थर बसला. म्हणजे धातू कोणता, याइतकेच त्यावरचा थर कसा, हेही महत्त्वाचे. हा थर मळ नव्हे. किल्ल्यातल्या जुन्या तोफा चिंचेने घासून चकचकीत करू नका.