औषधांची निर्यात आणि संशोधन : पिंपरी व हडपसर येथील दोन उदाहरणे

भारताच्या औषधनिर्यातीचा विचार निघाला की स्वस्त मजुरी आणि १९७० चा पेटंट कायदा ही दोन कारणे सांगून विषय संपविण्याचा प्रघात आहे. ही कारणे खोटी नव्हेत. औषधाच्या पदार्थावर पेटंट न देता केवळ निर्मितिप्रक्रियेवर ते देण्याची त्या कायद्यातील तरतूद २००५ पर्यंत टिकली, आणि त्या काळात आपल्या रसायनज्ञांनी परक्या औषधांच्या नव्या प्रक्रिया सिद्ध केल्या. परंतु देशात शोधलेले किंवा घडविलेले नवे औषध परदेशी कसे पोचते, याचा उलगडा त्यातून होत नाही.

पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटना यांच्या साहाय्याने स्थापन झाला. तेथे डॉ. थिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ च्या सुमारास हॅमायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक शोधले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले त्यास 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' असे नाव देण्यात आले. पिंपरीची माती अशा रीतीने विज्ञानाच्या परिभाषेत गेली. बाजारात मात्र ती फारशी गेली नाही. हॅमायसिन मुख्यतः देशातच वापरले गेले. त्याच जातीचे ॲम्फोटेरिसिन-बी परदेशात आधीच प्रचारात होते, आणि कारखान्याचे प्रयोजनच मुळी देशाची गरज भागविणे हे होते. परदेशी ग्राहक कोण, हा प्रश्न संशोधनाच्या आरंभी कोणी विचारला नाही, आणि त्या काळी तो न विचारण्यात दोषही नव्हता.

हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटची गोष्ट नेमकी उलट क्रमाने घडली. १९९६-९७ मध्ये आफ्रिकेत 'अ' गटाच्या जीवाणूमुळे मेंदूच्या आवरणाच्या दाहाची प्रचंड साथ आली. अडीच लाखांवर रुग्ण व सुमारे पंचवीस हजार मृत्यू नोंदले गेले. जुनी लस जीवाणूच्या बहुशर्करेची होती. ती तान्ह्या मुलांस उपयोगी पडत नसे व तिचा प्रभावही अल्पकाळ टिके. बहुशर्करा एखाद्या प्रथिनास जोडली म्हणजे हा दोष जातो, हे ठाऊक होते. अडचण किमतीची होती. दर मात्रेस अर्ध्या डॉलरहून अधिक देणे आम्हांस शक्य नाही, असे आफ्रिकी अधिकाऱ्यांनी स्पष्ट सांगितले. मोठ्या पाश्चात्त्य कंपन्यांस तो भाव परवडेना. तेव्हा २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व 'पाथ' ही संस्था यांनी सुरू केलेल्या प्रकल्पाने हडपसरची वाट धरली.

येथे संशोधनाचे विभाजन लक्षात घेण्याजोगे आहे. जोडणीची पद्धत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेत तयार झाली, बहुशर्करा प्रारंभी हॉलंडमधून आली, आणि वाहक प्रथिन म्हणून लागणारे धनुर्वाताचे टॉक्सॉइड सीरमने स्वतः पुरविले. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचा आरंभच धनुर्वाताच्या प्रतिविषापासून झाला होता. ते घोड्यांच्या रक्तरसापासून काढीत, आणि पूनावाला घराण्याचा घोड्यांचा व्यवसाय त्यामागे होता. जुना, अनाकर्षक धंदा असा नव्या शोधाचा पाया ठरला. पुढाऱ्यांच्या भाषणांतील 'नवनिर्मिती'त अशा गोष्टींस सहसा स्थान मिळत नाही.

भारतात फारशी गरज नसलेल्या या लशीस २००९ च्या अखेरीस येथील औषध नियंत्रकांनी निर्यातीसाठी परवाना दिला. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली व त्याच डिसेंबरात बुर्किना फासोमध्ये मोहीम सुरू झाली. २०१२ मध्ये तिला चाळीस अंशांपर्यंतच्या उष्म्यात चार दिवस शीतपेटीबाहेर ठेवण्याची अनुमती मिळाली. असोद्यास वैशाखात ज्यांनी दुपार काढली आहे, त्यांस चाळीस अंश म्हणजे काय, आणि ती मर्यादाही किती लवकर ओलांडली जाते, हे सांगावयास नको.

या योजनेची एक उणी बाजू नजरेआड करता येत नाही. भाव, प्रमाण आणि ग्राहक हे तिन्ही दात्या संस्थांच्या हाती होते, आणि लस यशस्वी होऊन 'अ' गटाचा रोग जवळजवळ नाहीसा झाल्यावर तिची मागणीही ओसरणे अपरिहार्य होते. सी, डब्ल्यू व एक्स गटांचे जीवाणू मात्र उरले. त्यांसह पाच गटांवर चालणारी लस सीरमने 'पाथ'च्या सहकार्याने तयार केली. २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली आणि २०२४ मध्ये नायजेरियात ती प्रथम टोचण्यात आली.