थेट प्रक्षेपण आणि मुद्रित मिस्सा : फरक कोणता?

आजारपण किंवा वार्धक्यामुळे चर्चमध्ये जाऊ न शकणारे अनेक भाविक घरी टीव्हीवर अथवा मोबाईलवर पवित्र मिस्सा पाहतात. ‘सकाळची मिस्सा चुकली, तीच रात्री पाहिली तर चालेल का?’ असा प्रश्न त्यांच्या मनात येतो. ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीच्या प्रकाशात आपण त्याचा विचार करू या.

प्रसारमाध्यमे ख्रिस्तसभेला परकी नाहीत. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी पोप अकरावे पायस यांनी व्हॅटिकन रेडिओचे उद्घाटन केले. त्याची उभारणी खुद्द मार्कोनी यांनी केली होती. १९५८ साली पोप बारावे पायस यांनी असिसीच्या संत क्लारा हिला दूरचित्रवाणीची आश्रयदात्री संत म्हणून घोषित केले. नाताळच्या रात्री आजारी असलेल्या क्लाराला अंथरुणावरूनच चर्चमधील उपासनेचे दर्शन घडले, अशी परंपरा आहे.

तथापि, ह्याच पोप महोदयांनी १९५७ च्या ‘मिरांदा प्रोर्सूस’ ह्या परिपत्रकात स्पष्ट केले होते, की पडद्यावर मिस्सा पाहणे आणि मिस्सेला प्रत्यक्ष उपस्थित राहणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. कॅनन कायद्याच्या १२४७ व्या कलमानुसार रविवारी व आज्ञापित सणांच्या दिवशी मिस्सेत सहभागी होणे हे आपले कर्तव्य आहे. थेट असो वा मुद्रित, प्रक्षेपण पाहून ते पूर्ण होत नाही. मात्र आजारपण, तान्ह्या बाळाची देखभाल अशा गंभीर कारणाने जाता येत नसेल, तर ते बंधन उरत नाही. म्हणून अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांनी ‘मिस्सा चुकली, पाप घडले’ अशी खंत बाळगू नये. अशा वेळी एकट्याने किंवा कुटुंबासह प्रार्थनेत काही काळ घालवावा, असे १२४८ वे कलम सुचविते.

मग थेट आणि मुद्रित यांत फरक कोणता? मिस्सा ही केवळ पाहण्याची गोष्ट नाही, ती वेदीवर घडणारी कृती आहे. थेट प्रक्षेपणाच्या वेळी धर्मगुरू आणि भाविकांचा मेळा त्याच क्षणी प्रार्थना करीत असतो आणि घरातील रुग्ण आपली प्रार्थना त्यांच्या प्रार्थनेला जोडतो. इंटरनेटवर चित्र काही सेकंद उशिरा पोहोचले, तरी त्याने बाधा येत नाही. मुद्रित मिस्सेत मात्र ती कृती केव्हाच पूर्ण झालेली असते. लग्नाची चित्रफीत आनंद देते, परंतु ती पाहणारा लग्नाला आलेला नसतो.

म्हणूनच कोरोनाच्या काळात, २५ मार्च २०२० रोजी, व्हॅटिकनच्या उपासनाविषयक विभागाने पवित्र सप्ताहासाठी दिलेल्या सूचनांत प्रक्षेपण थेट असावे, मुद्रित नसावे, असे म्हटले होते. दोनच दिवसांनी, २७ मार्च रोजी, पोप फ्रान्सिस यांनी संत पीटरच्या रिकाम्या चौकात पावसात उभे राहून प्रार्थना केली, तेव्हा जगभरातील भाविक त्याच घटकेला आपापल्या घरी त्यांच्यासमवेत होते.

मुद्रित मिस्सा निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. वाचने व प्रवचन पुन्हा ऐकण्यास, मनन करण्यास ती निश्चितच उपकारक आहे. देव आपली प्रार्थना कोणत्याही घटकेला ऐकतो.

घरी थेट मिस्सा पाहताना शक्य तितके प्रार्थनामय वातावरण राखावे. इतर कामे बाजूला ठेवावीत, प्रतिसाद मोठ्याने द्यावेत, कम्युनियनच्या वेळी आध्यात्मिक कम्युनियनची प्रार्थना करावी. पडद्यासमोर भाकर व द्राक्षारस ठेवल्याने त्यांचे ख्रिस्तशरीरात व रक्तात परिवर्तन होत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. इंटरनेटवर संस्कार नसतात, असे व्हॅटिकनच्या २००२ च्या ‘ख्रिस्तसभा आणि इंटरनेट’ ह्या दस्तऐवजाने सांगितले आहे.

महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे ७ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा खुली झाली. जे चालू शकतात त्यांनी सवयीपोटी पडद्यासमोर थांबू नये. आणि जे चालू शकत नाहीत त्यांना केवळ पडद्याच्या हवाली करून आपण मोकळे होऊ नये. आपल्या शेजारी असा कोणी रुग्ण असल्यास त्याचे नाव धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंना कळवू या. प्रक्षेपण त्याच्यापर्यंत मिस्सेचे शब्द पोहोचवील, परंतु ख्रिस्तप्रसाद मात्र कोणीतरी त्याच्या दारी नेऊनच द्यावा लागेल.