बग्गीचा लाल दिवा आणि फोनच्या सवयी

(ऑडिओ भागाचं लिखित रूप. मधले 'अं' आणि 'म्हणजे म्हणजे' गाळलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. हा दादा एका रिसॉर्टवर बॅटरीची बग्गी चालवतो. बग्गी म्हणजे गोल्फ कार्ट हो, मोठ्या रेल्वे स्टेशनांवर आजी-आजोबांना प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत नेते ना, तीच. तो म्हणतो, "चढ लागला की मीटरच्या दांड्या उतरतात, लाल दिवा लागतो. वर जाऊन जरा थांबलो की दांड्या परत येतात. सुपरवायझर सांगतो, पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नकोस. आता वर्षभरातच बॅटऱ्या बसल्या आणि नाव माझ्यावर आलंय."

दादा, आधी उत्तर देऊन टाकतो. बग्गीत पाण्याच्या बॅटऱ्या असतील, म्हणजे झाकण उघडून डिस्टिल्ड वॉटर टाकावं लागतं त्या, तर 'पूर्ण उतरू दे' हा सल्ला साफ चुकीचा आहे. असल्या सल्ल्याने नवा सेटसुद्धा लवकर बसतो.

गंमत अशी की हा सल्ला एकेकाळी खरा होता, पण वेगळ्या बॅटरीसाठी. जुन्या कॉर्डलेस फोनमध्ये निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या असायच्या, त्यांना अधूनमधून पूर्ण उतरवायला सांगायचे. मग आपल्या हातात लिथियमचे फोन आले. त्यांना वीस ते ऐंशी टक्क्यांच्या मध्ये ठेवलं की बरं. बग्गीतली शिशाची बॅटरी या दोघांपेक्षा वेगळी. तिला पोट भरलेलंच आवडतं. ती उतरते तेव्हा आतल्या प्लेटांवर लेड सल्फेटचा थर बसतो. लगेच चार्ज केलं तर तो विरघळतो. तशीच ठेवली तर त्याचे कडक खडे होतात आणि प्लेटचा तेवढा भाग कायमचा कामातून जातो. म्हणून दिवसभरात दोनच फेऱ्या झाल्या तरी रात्री चार्जिंगला लावायची, आणि चार्जर स्वतःहून बंद होईपर्यंत काढायची नाही.

आता मीटर. फोनवर ४३ टक्के दिसलं की आपण विश्वास ठेवतो, कारण आत किती करंट गेला, किती बाहेर आला याचा हिशोब ठेवणारी चिप असते. बऱ्याच साध्या बग्ग्यांचं मीटर असला हिशोब ठेवत नाही. ते फक्त व्होल्ट बघतं आणि त्याच्या दांड्या करून दाखवतं. ४८ व्होल्टचा सेट पूर्ण भरून शांत उभा असेल तर साधारण ५१ व्होल्ट दाखवतो. अर्धा उतरला तर ४८.५ च्या आसपास. म्हणजे अर्धी बॅटरी संपली तरी फरक जेमतेम अडीच व्होल्टचा! आणि चढावर सहा माणसं घेऊन निघालात की मोटर एकदम मोठा करंट ओढते, त्या क्षणी तेवढे व्होल्ट नुसत्या ताणाने खाली येतात. मीटरला वाटतं बॅटरी संपली. वर थांबलात, ताण गेला, व्होल्ट परत चढले, दांड्या परत आल्या. चार्ज काही आपोआप वाढला नाही.

मग लाल दिवा खोटा का? नाही हं. सपाट रस्त्यावर, हळू चालवतानाही तो लागत असेल तर गाडी परत न्यायची. अनेक गाड्यांमध्ये व्होल्ट फार खाली गेले की कंट्रोलर मोटरची ताकदच कमी करतो, गाडी रांगायला लागते. ते बिघडणं नव्हे, बॅटरी वाचवणं आहे. तेव्हा पॅडल दाबत बसू नका.

चढावरचा दिवासुद्धा काहीतरी सांगतोच. तोच चढ, तेवढीच माणसं, आणि गेल्या महिन्यापेक्षा या महिन्यात दिवा लवकर लागतोय, तर सेट थकत चाललाय. किंवा सहांपैकी एकच बॅटरी कमजोर आहे आणि ती बाकीच्यांना खाली खेचतेय. ओळीने जोडलेल्या असतात ना सगळ्या. मेकॅनिकला सांगून प्रत्येक बॅटरीचे व्होल्ट वेगळे मोजून घ्या, शक्यतो गाडीवर लोड असताना. एकच मागे पडत असेल तर दोष तिथे आहे. आणि दादा, रोज एका वहीत लिहा: चार्जिंगला कधी लावली, कधी काढली, पाणी कधी टाकलं. पुढच्या वेळी नाव कोणावर यायचं ते वही सांगेल.

पाण्यावरून आठवलं. पाणी चार्जिंग झाल्यावर टाकायचं, आधी नाही. चार्ज होताना आतलं ॲसिड फुगून वर येतं, आधीच काठोकाठ भरलं असेल तर बाहेर सांडतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी त्या बुडण्यापुरतं टाका. नळाचं पाणी अजिबात नको.

आणि एक गोष्ट मस्करीत घेऊ नका. चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात आतलं पाणी फुटून हायड्रोजन निघतो. रंग नाही, वास नाही, आणि हवेत चार टक्के झाला की ठिणगीने पेट घेऊ शकतो. बंद खोलीत शटर ओढून चार्जिंग नको, जवळ विडी-सिगारेट तर नकोच. सडक्या अंड्यासारखा वास आला तर तो वेगळा वायू, बॅटरी जास्त चार्ज होतेय किंवा आत बिघडलीय. चार्जरचा मेन स्विच बंद करा, हवा खेळू द्या, मेकॅनिक बोलवा.

बॅटऱ्या पार उतरल्यावर 'चार्जर चालूच होत नाही' अशीही तक्रार असते. बरेच ऑटोमॅटिक चार्जर आधी सेटचे व्होल्ट बघतात, फारच कमी दिसले तर सुरूच होत नाहीत. चार्जर खराब असेलच असं नाही. वायर जोडून जुगाड मात्र करू नका.

आता रिसॉर्टवाले लिथियमचा सेट बसवायचं म्हणतायत, असं दादा शेवटी म्हणाला. चांगलंच आहे, पाण्याची कटकट जाते. पण चार्जर लिथियमचाच हवा आणि मीटरही बदलून मागा. लिथियमचे व्होल्ट जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतात, त्यामुळे जुनं मीटर बराच वेळ 'भरपूर आहे' दाखवत राहील, आणि मग बॅटरीतली सुरक्षा यंत्रणा एकदम पुरवठा तोडेल. चढावर, पाहुण्यांसकट.