जाहिरातींचे नियम बदलतात तेव्हा : अ‍ॅफिलिएट मार्केटिंगविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

अ‍ॅफिलिएट मार्केटिंग म्हणजे दुसऱ्याच्या मालाची शिफारस करून त्यातून झालेल्या विक्रीवर कमिशन घेणे. शिफारस करणाऱ्याला विक्रेत्याकडून त्याच्या नावाची खूण असलेली लिंक मिळते. त्या लिंकवरून येऊन गिऱ्हाइकाने खरेदी केली, की ठरलेला टक्का त्याच्या नावावर जमा होतो. बाजार समितीतल्या अडत्यासारखाच हा धंदा आहे. मात्र अडत्याचा गाळा ज्या आवारात असतो तिथले नियम कायद्याने बांधलेले असतात, आणि अ‍ॅफिलिएटचा गाळा गूगल, यूट्यूब किंवा फेसबुकच्या आवारात असल्याने तिथले नियम त्या कंपन्याच लिहितात आणि बदलतात.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या दृष्टीने हा विषय लांबचा नाही. कांदा, ऊस आणि डाळिंब पिकवणाऱ्या या जिल्ह्यात शेतीच्या अवजारांची माहिती मोबाइलवर शोधली जाते, शिर्डी आणि शनिशिंगणापूरला येणारा भाविक मुक्कामाची सोय ऑनलाइन पाहतो, आणि सारोळा कासारच्या सुमन धामणे यांचे ‘आपली आजी’ हे यूट्यूब चॅनेल २०२० पासून लाखो घरांत पोचले आहे. माहिती देता देता कमिशन मिळवण्याची संधी या तिन्ही ठिकाणी आहे, आणि नियम बदलले की त्याची झळ बसते तीही याच ठिकाणी.

पहिला गैरसमज सगळ्यांच्या मुळाशी आहे : ‘गूगलने नियम बदलला’ या एका वाक्यात सगळे कोंबले जाते. प्रत्यक्षात अ‍ॅफिलिएटवर चार वेगवेगळ्या नियमावल्यांची सत्ता चालते. गूगल अ‍ॅड्समध्ये तो पैसे भरून जाहिरात देतो. अ‍ॅडसेन्समध्ये तो आपल्या पानावर इतरांच्या जाहिराती दाखवून पैसे घेतो. गूगलच्या शोधनिकालात त्याचे पान फुकट दिसते, पण कुठे दिसेल हे गूगल ठरवते. आणि कमिशन देतो तो अ‍ॅमेझॉन किंवा फ्लिपकार्टसारखा विक्रेता. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगलने जाहीर केले, की अ‍ॅडसेन्सचे पैसे आता मुख्यतः क्लिकवर नव्हे, तर जाहिरात दिसण्यावर मोजले जातील. या बदलाचा अ‍ॅफिलिएट कमिशनशी काडीचाही संबंध नव्हता, कारण कमिशन विक्रीवर मिळते. उलट एप्रिल २०२० मध्ये अ‍ॅमेझॉनने अमेरिकेतले कमिशन कापले : फर्निचरवरचे ८ टक्क्यांवरून ३ वर आणि किराण्यावरचे ५ वरून १ वर आले. जाहिरातीचा एकही नियम न बदलता कित्येकांचे उत्पन्न निम्म्याहून खाली गेले. कमाई घटली की आधी पाहायचे ते हेच, की चारपैकी कोणती नियमावली बदलली.

बदल म्हणजे तोटाच, हेही खरे नाही. अ‍ॅडसेन्स २००३ मध्ये सुरू झाले. त्यात हिंदीला २०१४ मध्ये स्थान मिळाले आणि मराठीला २०१८ मध्ये. तोपर्यंत निव्वळ मराठीत लिहिलेल्या संकेतस्थळाला या जाहिरातींचे दार अधिकृतपणे बंद होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये यूट्यूबने फ्लिपकार्ट आणि मिंत्रा यांच्यासोबत भारतात अ‍ॅफिलिएट खरेदीची योजना आणली आणि व्हिडिओतच वस्तूंना खूण लावता येऊ लागली. हेही धोरणबदलच.

‘गूगलला अ‍ॅफिलिएट नकोच आहेत’ हा समज सगळ्यांत पक्का, आणि तोच सगळ्यांत जास्त नुकसान करतो. अ‍ॅफिलिएट लिंकवर बंदी नाही, शोधनिकालातही नाही आणि गूगल अ‍ॅड्समध्येही नाही. आक्षेप आहे तो मधल्या पोकळ पानावर. हा फरक एका उदाहरणाने नीट कळतो. समजा, ‘१० उत्तम फवारणी पंप’ नावाचे एक मराठी पान आहे. त्यात दहा बॅटरी पंपांचे फोटो, विक्रेत्याच्या पानावरून उचललेले वर्णन (१६ लिटर टाकी, १२ व्होल्ट बॅटरी), आणि प्रत्येकाखाली ‘येथे खरेदी करा’ हे बटण. वाचणाऱ्याला विक्रेत्याच्या पानावर जे मिळाले असते त्याहून एक अक्षर जास्त मिळत नाही. गूगलच्या स्पॅमविषयक नियमांत अशा पानांचा वेगळा उल्लेख आहे, आणि गूगल अ‍ॅड्समध्येही गिऱ्हाइकाला केवळ पुढे ढकलण्यासाठी बनवलेल्या पानाची जाहिरात नाकारली जाते.

आता त्याच विषयावरचे दुसरे पान घेऊ. एका चार्जिंगमध्ये किती टाक्या फवारून झाल्या, कांद्यावरच्या फुलकिड्यांसाठी कोणता नोझल बरा आणि उंच डाळिंबाला कोणता, भरलेला पंप पाठीवर घेऊन सरीतून चालताना पट्टा कुठे काचतो, वॉशर खराब झाला तर तो तालुक्याच्या गावी मिळतो की मागवावा लागतो, आणि दहापैकी कोणते चार पंप घेऊच नयेत, हे सगळे त्यात स्वतःच्या फोटोंसह आहे. लिंक त्याच विक्रेत्याच्या, कमिशनही तेवढेच. तरी हे पान नियमात बसते, कारण शेतकऱ्याला त्याचा उपयोग आहे. मार्च २०२४ मध्ये गूगलने स्पॅमचे नियम कडक केले. त्यात घाऊक प्रमाणात तयार केलेला मजकूर, मुदत संपलेल्या जुन्या डोमेनचा गैरवापर आणि मोठ्या संकेतस्थळाच्या नावावर तिसऱ्यानेच चालवलेली पाने, असे तीन प्रकार नेमके धरले. तिसऱ्या प्रकाराची अंमलबजावणी मे २०२४ पासून सुरू झाली. यांपैकी एकाही प्रकारात दुसरे पान येत नाही. पैसे देऊन लावलेल्या लिंकला ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण घालण्याची सोय सप्टेंबर २०१९ पासून आहे, आणि ती घातल्याने पानाची किंमत कमी होत नाही.

खाते ‘एका रात्रीत, काही न सांगता’ बंद झाल्याची तक्रार नेहमी ऐकू येते. ती कधी खरी असते, कधी अर्धी. सप्टेंबर २०२१ पासून गूगल अ‍ॅड्समध्ये ठरावीक नियमांसाठी टप्पे आहेत : आधी ताकीद, मग पहिल्या ठपक्याला तीन दिवस जाहिराती थांबतात, दुसऱ्याला सात दिवस, आणि तिसऱ्याला खाते निलंबित होते. ठपका ९० दिवसांनी पुसला जातो. काही चुकांना मात्र हे टप्पे लागूच नाहीत. गिऱ्हाइकाला एक आणि तपासणाऱ्याला दुसरेच पान दाखवणे, किंवा आपण अमुक संस्थेचेच आहोत असे भासवणे, यांना पूर्वसूचनेशिवाय थेट निलंबन आहे.

या जिल्ह्यात दुसऱ्या चुकीचा धोका मोठा आहे. शिर्डीतील हॉटेलांची यादी देऊन आरक्षणावर कमिशन घेणे हा सरळ व्यवहार आहे. पण त्याच पानावर साईबाबांचे छायाचित्र, ‘अधिकृत’ हा शब्द आणि भक्तनिवासाच्या नावाचे बटण टाकले, की ते पान साईबाबा संस्थानचे असल्याचे वाटू लागते. भक्तनिवासाचे आरक्षण संस्थान स्वतःच्या संकेतस्थळावरून करते. त्यात कुणा अ‍ॅफिलिएटला जागा नाही. दूरवरून मुलाबाळांसह आलेल्या माणसाची अशी फसगत होणे वाईटच, आणि अशा पानाची जाहिरात बंद करणारा नियम योग्यच आहे.

निलंबनानंतर घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावाने नवे खाते काढण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. गूगल त्याला यंत्रणेला चकवा देणे मानते आणि जोडलेली इतर खातीही बंद करते. जाहिरातदाराची ओळखपडताळणी २०२० पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि मार्च २०२३ पासून कोणत्या जाहिरातदाराच्या कोणत्या जाहिराती चालू आहेत हे कुणालाही पाहता येते. चूक दुरुस्त करून त्याच खात्यावरून अपील करणे हाच मार्ग.

‘कुकी बंद झाल्या, आता अ‍ॅफिलिएट संपले’ ही भाकिते जवळजवळ पाच वर्षे चालली. क्रोम ब्राउझरमधून त्रयस्थ कुकी (एका संकेतस्थळावर असताना दुसऱ्याच कंपनीने माग ठेवण्यासाठी साठवलेल्या खुणा) काढण्याचे गूगलने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले, तारीख पुन्हा पुन्हा पुढे ढकलली आणि जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. तो पार पडला असता तरी अ‍ॅमेझॉनच्या साध्या लिंकचे फारसे बिघडले नसते. गिऱ्हाईक अ‍ॅमेझॉनच्याच पानावर उतरते आणि नोंद अ‍ॅमेझॉनच ठेवते. खरा फटका बसला तो एप्रिल २०२१ मध्ये, अ‍ॅपलने आयफोनवर माग काढण्यासाठी परवानगी सक्तीची केल्यावर, आणि तोही फेसबुकवर जाहिराती विकत घेणाऱ्यांना. अँड्रॉइड फोनच बहुसंख्य असलेल्या मराठी वाचकवर्गात त्याची धग कमी जाणवली.

विक्रेत्याचे नियम वाचलेच जात नाहीत, आणि कमिशन बुडते ते बहुधा तिथेच. अ‍ॅमेझॉनच्या योजनेत स्वतःच्या लिंकवरून स्वतः किंवा घरच्यांनी केलेली खरेदी धरली जात नाही. पहिल्या १८० दिवसांत तीन पात्र विक्री झाल्या नाहीत तर खाते बंद होते. लेखात ‘फक्त ३,४९९ रुपये’ अशी किंमत हाताने लिहिणेही नियमाबाहेर आहे, कारण किंमत रोज बदलते आणि वाचक फसतो. अ‍ॅमेझॉनच्या नावावर शोधजाहिरात विकत घेणेही निषिद्ध आहे.

‘आपले चॅनेल लहान, आपल्याला कोण विचारतो’ हा समज कायद्यापुढे टिकत नाही. केंद्राची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे ९ जून २०२२ ची, आणि समाजमाध्यमांवरून शिफारस करणाऱ्यांसाठीच्या सूचना २० जानेवारी २०२३ च्या. विक्रेत्याशी आर्थिक संबंध असेल तर तो ठळकपणे सांगायचा. व्हिडिओत तो दिसलाही पाहिजे आणि ऐकूही आला पाहिजे, खालच्या वर्णनात एक ओळ टाकून भागत नाही. दिशाभूल झाल्यास दंड १० लाख रुपयांपर्यंत, पुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत. यांत सदस्यसंख्येची अट कुठेही नाही. मराठी प्रेक्षकाला ‘या लिंकवरून घेतल्यास आम्हाला कमिशन मिळते’ हे मराठीत सांगितले, की पुरते.

रमी आणि फँटसी क्रिकेटच्या रेफरल कोडबाबत तर गैरसमजाला जागाच उरलेली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली. अशी जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. जुन्या व्हिडिओंखाली राहिलेले असे कोड आजच काढून टाकावेत.

चॅनेल यूट्यूबवर आहे म्हणजे ते कायमचे आपल्या ताब्यात आहे, हा शेवटचा समज. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘आपली आजी’ चॅनेल हॅक झाले आणि काही दिवस हातचे गेले. ते परत मिळाले. तो प्रकार धोरणबदलाचा नव्हता, पण सगळी कमाई एकाच खात्यावर टांगलेली असेल तर काय होते ते त्यातून दिसते. जानेवारी २०१८ मध्ये यूट्यूबने जाहिरातींच्या उत्पन्नासाठी १,००० सदस्य आणि वर्षात ४,००० तासांचे दर्शन ही अट घातली, तेव्हा हॅकरची गरज न पडता जगभरातील असंख्य लहान चॅनेलांचे उत्पन्न थांबले. लिंकच्या कमिशनला मात्र ती अट लागू नव्हती आणि आजही नाही.

मोठे बदल बहुधा आधी जाहीर होतात. गूगल अ‍ॅड्सच्या मदतकेंद्रात धोरणबदलांची तारीखवार नोंद असते आणि खातेदाराला ईमेलही येतो. त्या ईमेलकडे जाहिरात समजून दुर्लक्ष करू नये. महिन्यातून एकदा ही नोंद आणि विक्रेत्याचा करारनामा उघडून वाचावा.